भागाबाईची दूधतूर आणि त्र्यंबकचा राजा

कान्हेरवाडीत त्र्यंबक नावाचा एक माणूस राहत होता. तुरीच्या नव्या जाती तयार करणं हा त्याचा उद्योग. कृषी महाविद्यालयात शिकून तो गावी परतला होता. लोक नातवंडांचं कौतुक करतात, तसं तो तुरीच्या झाडांचं करायचा.

त्याच गावात भागाबाई होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दूधतूर पिकायची. दाणा पांढुरका, टपोरा, आणि वरण असं की पाहुणा लाज सोडून पुन्हा भात मागून घ्यायचा. पण गावच्या मातीत मर रोग शिरला. हा रोग मोठा कपटी. झाड हिरवंगार वाढतं, आता फुलणार असं वाटतं, तोच ते मान टाकतं आणि उभ्या उभ्या वाळून जातं. बघता बघता गावातली सगळी तूर गेली. भागाबाईच्या घरात फक्त एक मडकंभर बी उरलं. ते मडकं उचलून ती त्र्यंबककडे आली.

"तिरंबका, हे गेलं की माझी तूर गेली. माझ्या वावरात ती पुन्हा उभी कर. मला डोळ्यांनी बघू दे. एवढंच मागनं हाय."

त्र्यंबक कामाला लागला. माळावर त्यानं नवं वावर काढलं; तिथं आधी तूर नव्हती, म्हणून मरही नव्हती. डोंगराच्या बांधाला एक रानतूर उगवायची. दाणे काळे, बारीक, चवीला कडवट, शिजायला हट्टी. पण मर तिला शिवायची नाही. त्र्यंबकनं रानतुरीचा आणि दूधतुरीचा संकर केला. त्यातून आलेल्या झाडांचा पुन्हा दूधतुरीशी केला, आणि पुन्हा केला, आणि शेवटी त्या झाडांचा आपसांत केला. चव दूधतुरीची हवी आणि जीव रानतुरीचा हवा, असा त्याचा बेत होता.

बेत चांगला, पण खरी मेख पुढेच होती. कोणत्या रोपात तो दणकटपणा उतरला, हे वरून मुळीच दिसत नाही. पूर्वी रोपं रोगट जमिनीत लावायची आणि कोण मरतं, कोण जगतं हे बघत बसायचं. एकेक हंगाम त्यातच जायचा.

आता मात्र काय नवल झालं पाहा! जिल्ह्याच्या गावी नसीमा तांबोळी नावाची संशोधक होती. प्रत्येक रोपाच्या पेशीत जनुकं असतात, आणि आईबापांकडून काय काय आलं ते त्यांत लिहिलेलं असतं. ते नसीमाला वाचता यायचं. रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा तिच्याकडे पाठवायचा. रोप वीतभर होण्याआधीच ती सांगायची, हे दणकट आहे, हे नाही. अहो, झाड फुलायच्या आधीच त्याचं भविष्य कळायचं! त्र्यंबकला तर इतका आनंद झाला की पहिला निकाल आला त्या दिवशी तो जेवायचंच विसरला.

नसीमानं त्याला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "दादा, दणकटपणा आई आणि बाप दोघांकडून आला, तरच तो पक्का. एकाकडूनच आला, तर ते झाड स्वतः टिकेल, पण पुढे त्याच्या बियांतून येणारी काही झाडं मरतील. आणि तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात. म्हणून पक्की झाडं ठेव आणि बाकीची फुलायच्या आत उपटून टाक."

त्र्यंबकनं पक्की झाडं निवडली. बाकीची उपटायला घेतली. उपटता उपटता तो विहिरीजवळच्या एका झाडापाशी आला आणि त्याचा हात थबकला.

काय झाड होतं ते! जाड खोड, भरगच्च फांद्या, गडद हिरवी पानं. सगळ्या शेतात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. त्र्यंबकनं लाडानं त्याचं नाव राजा ठेवलं होतं. त्यानं नसीमाला फोन लावला.

"राजाचं पान पुन्हा तपासशील का?"

"दोनदा तपासलं, दादा. त्याच्यात दणकटपणा नाही. काढून टाक."

त्र्यंबकनं हो म्हटलं आणि राजाला पाणी घातलं. एवढ्या मोठ्या शेतात एकटं झाड काय बिघडवणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. राजा फुलला. मधमाश्या त्याच्याकडे आल्या आणि तिथून पक्क्या झाडांकडे गेल्या. त्यांना काय कल्पना, कोण निवडलेलं आणि कोण नाकारलेलं!

पक्क्या झाडांच्या शेंगा भरल्या, बी निघालं. पेरणीआधी ते घरोघर वाटायचं ठरलं. सगळ्यांत आधी अर्थातच भागाबाईला. गावात नुसता उत्साह होता. कुणी हलगी सांगून ठेवली, कुणी वरणभाताचा बेत केला. वाटायच्या आधी एकदा तपासून घ्यावं म्हणून त्र्यंबकनं थोडं बी उगवलं आणि पानं नसीमाकडे पाठवली.

तिचा फोन आला. आवाज गंभीर होता. "यातली बरीच रोपं पक्की नाहीत. दणकटपणा एकाच बाजूनं आलाय. दादा, शेतात दुसरी तूर होती का?"

त्र्यंबकला विहिरीजवळचा राजा आठवला. "होती," तो म्हणाला. "एक."

फोन ठेवून तो बांधावर जाऊन बसला. त्याच्या मनात एक वाईट विचार आला. हे बी वाटलं तर यंदा सगळी तूर उभी राहील. कुणाला काही कळणार नाही. हलगी वाजेल, कौतुक होईल. मर दिसेल ती पुढच्या वर्षी, आणि मग दोष मातीला देता येईल. पण भागाबाईनं विश्वासानं दिलेलं मडकं त्याला आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो उठला. कुदळ घेतली आणि राजाला मुळासकट काढलं. मग तसाच शाळेच्या पटांगणात गेला. बी घ्यायला लोक जमलेच होते.

"बी वाटायचं नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. नसीमाताईनं जे झाड काढायला सांगितलं, ते मी लाडापायी ठेवलं. त्यानं बी बिघडलं."

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. एकजण म्हणाला, "अरे, यंदाची तूर तर येईल ना? मग दे की!"

भागाबाई पुढे आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "मला एका वरसाची तूर नगं. लेकरांच्या हातात मरकं बी देऊ व्हय? तिरंबका, ह्यातलं चांगलं काई निघंल का न्हाई, ते सांग."

"निघेल, काकू! काही बी पक्कंच आहे. फक्त एकेक रोप तपासावं लागेल."

"मग बसून का ऱ्हायलो आपण?"

आणि काय सांगू, सगळं गाव कामाला लागलं! कुणी पिशव्यांत माती भरली, कुणी बी टोचलं, कुणी रोपांना क्रमांक दिले. बायका पानांचे तुकडे काढून इवल्याशा नळ्यांत भरू लागल्या. नसीमा निकाल कळवायची. एकेक पक्कं रोप निघालं की लोक टाळ्या वाजवायचे. कच्ची रोपं त्र्यंबकनं लगेच उपटली. त्यांतली कितीतरी दिसायला देखणी होती, पण या वेळी त्याचा हात अडला नाही.

पक्की रोपं वाढवून त्यांचं बी धरलं, आणि पुढच्या वर्षी भागाबाईच्या वावरात दूधतूर पेरली गेली. सारं गाव रोज बांधावर येऊन बघायचं. मर यायची वेळ आली. एक दिवस गेला, दुसरा गेला. एकाही झाडानं मान टाकली नाही. आणि मग एका सकाळी सगळं वावर पिवळ्या फुलांनी भरून गेलं.

भागाबाई आत शिरली. तूर तिच्या डोक्याच्याही वर गेली होती. ती दिसेनाशी झाली. ऊन चढलं तरी तिचा पत्ता नाही.

त्र्यंबकनं बांधावरून हाक मारली. "काकू, बाहेर या आता!"

तुरीतून आवाज आला. "न्हाई येत, जा! लई वरसांनी आत शिरलेय मी."

तात्पर्य: ज्ञानाला प्रश्न विचारला, तर आपल्या लाडक्या गोष्टीविरुद्ध आलेलं उत्तरही मानावं; आणि मानायला उशीर झालाच, तर चूक लपवू नये, चारचौघांत सांगून ती निस्तरावी.