माथ्याच्या अलीकडे

"पण बाबा, लोकांनी पाहिलंच नाही, तर ते वाचवतील कशासाठी?"

शार्दूलने सकाळपासून हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारला होता. मिसरी फकीर चहाच्या पातेल्याखालचा जाळ सारखा करत राहिला. त्याने मान वर केली नाही.

फकिराची झोपडी वाळवंटातली वस्ती संपते तिथे होती. झोपडीमागे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे वाळूच्या राखीव टेकड्या. आत गाड्या न्यायच्या तर वनखात्याची एकच अट होती: फकीर दाखवेल त्याच वाटेने. म्हणून सोलापूरचा शार्दूल बिराजदार बाकीच्यांच्या आधी येऊन धडकला होता. मागून मित्रांच्या जीपगाड्यांचा ताफा निघाला होता. परवानगी उद्याची होती, आणि फक्त उद्याचीच.

"ही जमीन कुणाच्या तरी घशात घालायचं चाललंय," शार्दूल म्हणाला. "कागदावर ओसाड म्हणून दाखवलीय. आमची माणसं आत जातील, बघतील, परत जाऊन चार ठिकाणी बोलतील. मग हिला हात लावायची कुणाची टाप आहे?"

"तू बघितलंस?"

"काय?"

"आतलं."

"अजून नाही. पण उपग्रहाच्या नकाशावर इंच न् इंच पाहिलंय."

"असं."

फकिराने चहाचा पेला त्याच्या हातात दिला. स्वतः उठला आणि जीपभोवती एक चक्कर मारून आला, बैल विकत घ्यायला आलेल्या माणसासारखी. पुढच्या काचेच्या कडेने टपापर्यंत चढलेल्या जाड नळीवर त्याने बोट ठेवलं.

"ही कशाला?"

"खोल पाण्यातून गाडी घातली, तर इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून."

फकिराने चारी बाजूंना नजर फिरवली. क्षितिजापर्यंत वाळू होती.

"पाणी सापडलं तर आम्हालाही सांग," तो म्हणाला.

शार्दूलला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला.

जीपच्या दारावर एका पक्ष्याचं मोठं चित्र होतं. उंच मान, डोक्यावर काळी टोपी, दमदार छाती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: माळढोक वाचवा.

फकीर त्या चित्रासमोर उभा राहिला. "हा तुमच्याकडेही असतो?"

"असायचा. माझ्या आजोबांच्या माळावर उतरायचे." शार्दूलचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी एकही पाहिलेला नाही. आमच्या माळावरचा शेवटचा कधी गेला, हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही. कुणी बघतच नव्हतं ना... इथे तसं होऊ द्यायचं नाहीये मला."

फकिराने आता कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं.

"चल," तो म्हणाला.

"गाडी काढू?"

"पायांना काय झालंय?"

दोघे कुंपणाच्या फाटकातून आत शिरले. शार्दूलच्या हातातल्या फोनवर नकाशा उघडा होता. त्यावर त्याने कित्येक संध्याकाळी खपून आखलेली लाल रेघ होती. ती पहिली टेकडी चढून पलीकडे उतरत होती आणि सरळ पुढे जात होती. फकिराने त्या रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण चालत होता मात्र तो तिच्यावरूनच.

टेकडीचा माथा जवळ आला तसा तो थांबला.

"गाडीपुढे असा माथा आला, की तुम्ही काय करता?"

आता शार्दूलच्या जिवात जीव आला. हे त्याचं राज्य होतं.

"थांबतो. गाडीतून उतरतो. चालत वर जाऊन पलीकडे काय आहे ते बघतो, आणि मगच गाडी चढवतो. पलीकडे तुटलेला कडाही असू शकतो. आमच्यात नवीन माणूस आला, की त्याला मी पहिला नियम हाच शिकवतो. न बघता माथा ओलांडायचा नाही."

"चांगला नियम आहे. तुला कुणी शिकवला?"

"ज्यांच्या गाड्या उलटल्या होत्या त्यांनी."

फकीर खळखळून हसला. मग वाकून, जवळजवळ रांगत, माथ्याशी गेला आणि तिथेच बसला. शार्दूलची बाही धरून त्याने त्यालाही खाली बसवलं.

शार्दूलने पलीकडे पाहिलं. उतार सौम्य होता. खाली रुंद सपाटी, तीत वाळलेल्या गवताचे ठोंब, मध्येच करड्या ढेकळांसारखं काहीबाही. त्यापलीकडे पुढची टेकडी. कडा नव्हता, खड्डा नव्हता. लाल रेघ सपाटीच्या बरोबर मधून जात होती.

"झालं," तो म्हणाला. "उतार सोपा आहे. खाली सगळं मोकळं आहे. इथूनच जाऊ."

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग जरा बसू."

...

ऊन चढू लागलं. वाळू बुडाखाली तापू लागली. शार्दूलच्या फोनवर ताफ्यातून निरोप आला: वाट ठरली का? त्याने 'हो' असं लिहिलं, पण पाठवायच्या आधी शेजारी पाहिलं. म्हाताऱ्याचा होकार अजून यायचा होता.

फकीर समोर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, आणि कसली वाट पाहत असल्याची खूणही नव्हती.

"बाबा, तुम्ही काय बघताय? काही आहे का तिथे?"

"तुझं तर बघून झालंय ना?"

शार्दूलने ओठ आवळले. उठून चालू लागावं असं त्याच्या मनात आलं. ताफा येतोय, उद्याचा एकच दिवस आहे, आणि हा माणूस ऊन खात बसलाय. बघायचं ते बघून झालं होतं. आता बसून बसून आणखी काय दिसणार होतं?

तेवढ्यात समोरच्या सपाटीतल्या एका ढेकळाने मान वर केली.

लांब, करडी मान. वर काळी टोपी.

पक्षीण हळूच उभी राहिली. तिने चोच पोटाखाली नेली, तिथलं काहीतरी जपून सरकवलं, उन्हाकडे पाठ केली आणि पुन्हा बसली. बसल्याबरोबर तिचं पुन्हा ढेकूळ झालं. नजर तिच्यावरच असूनही तिथे ती आहे, हे त्याला स्वतःला बजावावं लागत होतं.

त्याने फोनकडे पाहिलं. लाल रेघ तिच्या पाठीवरून जात होती.

त्याने लिहिलेला 'हो' पुसला.

वारा माथ्यावरची वाळू चिमटी चिमटीने उडवत होता. मग मात्र शार्दूलमधला वाटा आखणारा माणूस पुन्हा जागा झाला. ताफा रस्त्यात होता, दिवस एकच होता, आणि मार्ग काढल्याशिवाय त्याला कधी राहवलं नव्हतं.

"डावीकडून वळसा घेऊ," तो कुजबुजला. "तिच्यापासून लांबून. गाड्या एकामागून एक, अगदी हळू. थोडं लांब पडेल, पण जमेल."

"घे की," फकीर म्हणाला.

शार्दूल अर्धवट उठला. त्याने डावीकडे पाहिलं. तेच वाळलेले ठोंब. तशीच करडी ढेकळं. तसंच सगळं मोकळं.

तो तसाच, गुडघ्यावर हात ठेवून, थबकला.

"बाबा... डावीकडे काय आहे?"

फकिराने खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं आणि आपल्या शेजारी, त्याच्यासाठी, तापल्या वाळूवर अंथरलं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "तिकडे मी अजून बसलो नाही."