कड्याकडे वळवलेला अँटेना

एकदा एका वृद्ध संशोधकाकडे केतकी नावाची एक शिष्या बिनतारी संदेशवहनाची विद्या शिकत होती. पुढच्या पिढीच्या मोबाइल जाळ्याची चाचणी घेण्यासाठी हे गुरुशिष्य आंबेदरा नावाच्या खोल दरीतल्या गावी आले. मोबाइलचा मनोरा आणि गाव यांच्यामध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली होती, आणि बाजूला उंच काळा कडा होता. गावात रेंज मुळीच नव्हती. आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका मंदाताईंना डॉक्टरांशी बोलायचे तर अर्धा तास टेकडी चढावी लागे.

गुरूंनी चाचणीच्या आदल्या दिवशी कड्यावर दाराएवढा एक फलक बसवून घेतला होता. त्यावर शेकडो छोट्या चकत्या होत्या. आदळलेली रेडिओची लाट कोणत्या चकतीने किती उशिराने परतवायची, हे संगणकावरून ठरवता येत असे. केतकीला ते प्रयोगशाळेतले खेळणे वाटे.

चाचणीच्या सकाळी गुरुशिष्य उपकेंद्राच्या ओसरीवर संगणक मांडून बसले होते, तोच मंदाताई आतून धावत केतकीकडे आल्या. "ताई, आज तरी फोन लागेल ना हो? तीन दिवसांचं बाळ आणलंय. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय. डॉक्टरांनी एकदा डोळ्यांनी बघितलं पाहिजे!"

केतकीने संगणकावरून मनोऱ्याची शक्ती वाढवली. मंदाताईंच्या फोनवर डॉक्टरांचा चेहरा क्षणभर उमटला, त्याचे चौकोन झाले आणि तो थिजला. तिने शक्ती आणखी वाढवली. तरी तेच.

"सर, अजून जोर हवा!"

गुरूंनी शक्ती निम्म्यावर आणली. मग त्यांनी अँटेना गावाकडून फिरवून थेट कड्याकडे वळवायला लावला.

"सर, अहो, बाळ इकडे आहे!" केतकी ओरडलीच.

"मंदाताई, फोन घेऊन बाळाजवळ उभ्या राहा," एवढेच म्हणून ते संगणकावर वाकले. फोनकडून येणारा क्षीण संकेत पाहत ते चकत्या जुळवू लागले. एक मिनिट गेले. दुसरे गेले. आणि आतून मंदाताईंचा आवाज आला, "दिसले! डॉक्टर दिसले!"

चित्र काचेसारखे स्वच्छ होते. "दुपटं सोडा, छाती दाखवा," डॉक्टर सांगत होते. "हं, आता श्वास मोजा. ऑक्सिजन लावा लगेच, मी गाडी पाठवतो." गाडी तासाभरात आली. आठवड्याने बाळ बरे होऊन घरी परतले.

त्या दिवशी गाडी वळणाआड जाताच केतकी गुरूंकडे वळली. "सर, हे झालं कसं? कमी शक्तीत, आणि तेही पाठ फिरवून!"

गुरू म्हणाले, "सोंडेवरून वाकून एक लाट येत होती, कड्यावर आपटून दुसरी. एकीचा उंचवटा नेमका दुसरीच्या खळग्यात पडत होता. दोघी एकमेकींना पुसून टाकत होत्या. तू जोर वाढवलास तेव्हा दोघीही वाढल्या, म्हणजे भांडणच वाढलं. अँटेना वळवून मी सोंडेवरची लाट काढून टाकली, भांडण थांबवलं. शेकडो चकत्यांवरून निघालेल्या लाटा एकाच तालात बाळाच्या खाटेपाशी पोहोचतील, एवढंच पाहिलं."

"आणि हा कडा? आपण तर त्याला अडथळा म्हणत होतो."

"म्हणत होतो खरं. त्याला कुणी काम दिलं नव्हतं."

केतकी एकदम उठली आणि तिने पिशवीतून एक यादी काढली. डोंगर आडवा येतो म्हणून चाचणीतून वगळलेल्या एकोणीस गावांची ती यादी होती. ती उत्साहाने म्हणाली, "सर, या प्रत्येक गावाचे कडे कुठल्या बाजूला आहेत, ते बघू या ना!"

गुरूंनी नकाशा तिच्यापुढे पसरला.

आपले म्हणणे पोहोचत नसेल तेव्हा आवाज चढवण्याआधी, त्याच्या वाटा एकमेकींना पुसत तर नाहीत ना, एवढे पाहावे.