मगदूम सरांचे दहा उपवास

“दहा उपवास कशासाठी मागतोस?”

“साखरेला हरवायचंय, माताजी.”

सुव्रतमती माताजी चातुर्मासासाठी वारणाकाठच्या त्या गावात, जैन मंदिराशेजारच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या आर्यिका, म्हणजे दिगंबर जैन साध्वी. दीक्षेआधी त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्याबद्दल आता कधी बोलत नसत.

समोर हात जोडून बसले होते सुकुमार मगदूम, गावच्या हायस्कूलचे व्यायामशिक्षक. वय त्रेचाळीस. मागे दाराशी त्यांची पत्नी पद्मजा. दहा दिवसांचं दशलक्षण पर्व उद्यापासून सुरू व्हायचं होतं.

“मधुमेह कधी कळला?”

“चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, या वयात होतो तोच, दुसऱ्या प्रकारचा. गोळ्या दिल्या. खाणं सांभाळा, चाला, म्हणाले.”

“मग?”

“गूळ-साखर सोडली. भात सोडला. मग संध्याकाळचं जेवणच सोडलं. रोज आठ किलोमीटर चालतो.”

सरांनी शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. “खिळ्यानं चार नवी भोकं पाडलीत. चौदा किलो उतरलो.”

आवाजात अभिमान होता.

“आणि साखर?”

“...तीनशेच्या खाली येत नाही. म्हणजे माझं तपच कमी पडतंय.”

माताजींनी दाराकडे पाहिलं. “पद्मजा, तू काही बोलत नाहीस.”

पद्मजानं पदर सावरला. “रात्री चार-पाच वेळा उठून पाणी पितात. मला कळू नये म्हणून दिवा लावत नाहीत.”

सरांची मान खाली गेली. रात्री पाणी न घेण्याचा नियम त्यांनी विशीत घेतला होता. कधी मोडला नव्हता.

“जीभ कोरडी पडते,” ते म्हणाले. “राहवत नाही. त्याचंही प्रायश्चित्त या उपवासातच होईल. तुम्ही फक्त व्रत द्या. मी हरणारा माणूस नाही.”

माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलली. व्रत देताना ती उंचावूनच त्या आशीर्वाद देत. सरांनी डोळे मिटले.

बराच वेळ काहीच झालं नाही...

त्यांनी डोळे उघडले. पिच्छी पुन्हा जागेवर ठेवलेली होती.

“सुकुमार, त्याग कोण करतो?”

“ज्याचं मन खंबीर, तो.”

“ज्याच्याकडे आहे, तो.” माताजी थांबल्या. “तुझ्या अंगात जे तयारच होत नाही, ते तू कसं सोडणार?”

“समजलं नाही.”

“गोळ्या खाऊन, पोट मारून साखर हलत नाही आणि माणूस मात्र वाळत जातो... असे मी वॉर्डात पाहिलेत. पोरांना होतो म्हणतात तो पहिला प्रकार मोठ्या माणसांनाही होतो. त्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडतं. अशा शरीराला दहा उपवास...”

पद्मजा उठून उभी राहिली होती.

“आत्ता मिरजेला जा. डॉक्टरांना एवढंच विचार, माझा प्रकार कोणता ते तपासून सांगा.”

“आणि व्रत?”

“हेच. उत्तर मिळाल्याशिवाय परत येऊ नकोस.”

त्याच दुपारी सर एसटीनं मिरजेला गेले. लघवीत कीटोन सापडले, इन्सुलिनअभावी शरीरात साठणारी घातक द्रव्यं. डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं नाही, लगेच इन्सुलिन सुरू केलं. पुढच्या तपासण्यांत कळलं, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीर स्वतःच मारत होतं. पहिला प्रकार. वय पाहून आधी दुसरा धरला गेला होता.

उपवासांचं कळल्यावर डॉक्टर म्हणाले, “दहावा दिवस दिसला नसता.”

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी सर रात्रभर सलग झोपले. पाण्यासाठी एकदाही उठले नाहीत. पद्मजा मात्र जागीच होती.

महिन्याभरानं एका सकाळी ते पुन्हा धर्मशाळेत आले. गाल थोडे भरले होते.

“जमतंय?” माताजींनी विचारलं.

“जमवतोय. भाकरीचा अंदाज घेऊन डोस ठरवायला शिकलो. दिवसातून चार वेळा सुई. ग्राउंडवर जाताना खिशात साखर ठेवतो, एकदम उतरली तर म्हणून. ज्या साखरेशी भांडत होतो, तीच खिशात.” सर किंचित हसले. “चुकतंही कधी कधी. पण सोडणार नाही.”

“मग चेहरा असा का?”

सरांनी आवाज खाली आणला.

“शाळेत सुई घ्यायची तर खेळाच्या सामानाच्या खोलीत जातो. आतून कडी लावतो. वीस वर्षं पोरांना सांगत आलो, स्वतःच्या बळावर उभे राहा. आणि आता मीच... बाहेरून घेतल्याशिवाय एक दिवस जगू शकत नाही.”

श्रावकांच्या घरी, ओंजळीत घ्यायच्या दिवसातल्या एकाच आहाराला निघायची वेळ झाली होती. माताजी सावकाश उठल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

“मला दीक्षा घेऊन अठ्ठावीस वर्षं झाली, सुकुमार. रोज कुणाच्या तरी घरी जाऊन ओंजळ पुढे करते. भर दिवसा.”