दात गळालेला बोकड

पूर्वी विशालपुरात सोमवर्मा नावाचा कोवळा राजा गादीवर असताना बोधिसत्त्व बोकडाच्या जन्माला आले होते. नगराबाहेरच्या डोंगरात एकटेच राहत, पाला खात, आणि तिथेच सुखाने म्हातारे झाले. गुडघे वाकले, दाढी पांढरी झाली, दात एकेक करून गळाले.

नगरात मात्र म्हातारा बोकड कुणी पाहिलाच नव्हता. तिथली रीतच तशी. करडाचे पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के फुटले, की आचारी जबडा उघडून बघायचा आणि त्याला पाकशाळेत न्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेलं. त्यामुळे शहाणीसुरती माणसंही म्हणत, बोकडाला देवाने आयुष्यच तेवढं दिलंय.

एकदा राजाच्या सोहळ्यासाठी पाकशाळेमागच्या कुंपणाच्या वाडग्यात पोरसवदा बोकड कोंडले. त्यांचं ओरडणं डोंगरावर ऐकू गेलं. बोधिसत्त्व उठले, लंगडत खाली आले आणि वाडग्याच्या दारात आडवे बसले.

आचारी कालक सुरी घेऊन आला. "ए, हल!" सवयीने त्याने जबडा उघडला नि हसायलाच लागला. "अरे, हे तर करडू! दुधाचे पडलेत, पक्के यायचेत अजून. जा बाळा, पुढच्या सोहळ्याला ये!"

"मेल्या, दाढी तरी बघ की," राजाबरोबर वाडग्याकडे आलेली त्याची म्हातारी दाई उत्पला मागून म्हणाली. तिने बोकडाच्या फाटक्या कानावरून हात फिरवला आणि त्या कानावरूनच त्याला ओळखलं. "बाळराजे, इकडे या. तुमची आई गेली तेव्हा ह्याच्या आईचं दूध पाजलं मी तुम्हाला. हे तेव्हा तान्हं होतं, आचळापासून ओढून काढायची मी ह्याला. पुढे पक्के दात यायच्या आत मीच ह्याला डोंगरात हाकलला."

राजा गोंधळला. "म्हणजे हा माझ्या वयाचा?"

"तुझ्याच," बोधिसत्त्व म्हणाले. "तुला आत्ता मिसरूड फुटलंय आणि मी म्हातारा झालो. माझं आयुष्य तुझ्याहून तोकडं, खरं आहे. पण मी ते पुरतं जगलो."

"मग दुधाच्या नात्याने तुला सोडला. जा."

"मी सुटलेलाच आहे. तुझी दया मागायला आलो नाही. ह्यांना सोड."

"अरे, पण ते एवढंच जगतात!"

"तू जगू देतोस तेवढं जगतात. तुझे दुधाचे दात पडले त्या दिवशी तुला ह्या सुरीखाली घातलं असतं, तर लोक म्हणाले असते, माणसाला आयुष्यच सात वर्षांचं. आमची वर्षं तुम्ही खाल्लीत आणि नाव देवाचं घेता? मी हलणार नाही. आत जायचं तर मला काप. आणि कापताना मोठ्याने सांग, बोकड म्हातारा होत नसतो म्हणून."

कालकाने राजाकडे पाहिलं. राजाची जीभ नकळत आपल्याच दातांवरून फिरली. त्याने कालकाच्या हातातली सुरी घेतली, आणि वाडग्याच्या दाराची दोरी कापली.

करडं उधळली. म्हाताऱ्याच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पडली. तेवढ्यांना मात्र बोधिसत्त्वांनी ओलांडू दिलं.

पुढे त्या नगरात पांढऱ्या दाढीचे बोकड भर रस्त्यात वाट अडवून बसू लागले, आणि जबडा उघडून बघायची रीत मोडली.

कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ओळख पटवली. तेव्हाचा राजा तो आताचा माझा शिष्य आनंद, आचारी तो माझा वैरी देवदत्त, दाई ती भिक्षुणी उत्पलवर्णा, आणि दारात आडवा बसलेला बोकड मी स्वतः. भल्यासाठी एकदा बसलं की उठायचं नाही, ह्यालाच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, म्हणतात.