आठ हातांची शेजारीण

एका किनाऱ्यावरच्या गावात एक नवी सून होती. एकदा ती माजघरात उभी असताना पलीकडे चुलीपाशी तिच्याबद्दल चाललेलं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“कामाला वाईट नाही हो,” मोठी जाऊ सासूला सांगत होती, “पण जीभ माहेरीच विसरून आलेय.”

“असू दे,” सासू म्हणाली. “कुर्ल्या धरायला जीभ कशाला लागते?”

सुनेला ते पटलं. तिने टोपली घेतली आणि ती मुकाट्याने दोघींच्या मागे किनाऱ्यावर गेली.

त्या गावात प्रत्येक घराला किनाऱ्यावरच्या खडकाचा एकेक पट्टा वाटून दिलेला होता. ओहोटी लागली की बायका आपापल्या पट्ट्यात जायच्या, दगड उलथायच्या आणि खाली दडलेल्या कुर्ल्या, म्हणजे समुद्रातले खेकडे, टोपलीत टाकायच्या. या घराची चूल त्या कुर्ल्यांवरच पेटायची.

सून डोंगरातली. माहेरी ओढ्यात तीही खेकडे धरायची, त्यामुळे हात सरावलेला होता. फरक एकच. दगड उचलला, खेकडा घेतला, की ती दगड होता तसा पालथा घालायची आणि मगच पुढे जायची. इथे सासू आणि जाऊ उलथलेला दगड तसाच उताणा टाकून पुढच्याकडे वळत. भरती यायच्या आत टोपली भरायची, त्यात दगडांची निगा कोण राखणार?

“काय गो, दगडाला पांघरूण घालतेस?” जाऊ म्हणाली. “सर्दी होईल होय त्याला?”

सून हसली आणि तिने तो दगड नीट बसवला. पण अशाने ती मागे पडायची, म्हणून दोघींनी तिला पट्ट्याचं अगदी टोक देऊन टाकलं.

त्या टोकाला खडकात एक कपार होती. ओहोटीलाही तिच्यात गुडघाभर पाणी राहायचं. पहिल्या दिवशी सुनेला तिथे नुसता एक दगड दिसला. मग त्या दगडाने डोळा उघडला.

ती ऑक्टोपसची मादी होती. घरात तिला आठहाती म्हणत, आणि चांगलं कोणीच म्हणत नसे. ती बाहेर यायची, एखादी कुर्ली धरायची, आत शिरायची आणि दारात एकेक दगड ओढून घ्यायची. दगड नीट बसला नाही तर काढून पुन्हा लावायची. सुनेला वाटलं, ही आपल्याच माहेरची दिसते.

एके दिवशी मात्र ते दार लागलं ते उघडेचना. सुनेने वाकून फटीतून पाहिलं. कपारीच्या छताला तांदळाच्या दाण्यांएवढी अंडी गजऱ्यांसारखी लोंबत होती आणि आठहाती त्यांच्यावर पाणी फुंकत बसली होती. सुनेने कुर्लीची एक जाड नांगी फटीत खोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती. तिसऱ्या दिवशीही.

त्याच सुमारास टोपल्या हलक्या व्हायला लागल्या. आधी अर्ध्या, मग पाव, आणि शेवटी तिघींच्या मिळून एका टोपलीचा तळही झाकेना.

“ती आठहातीच खाते सगळं,” सासू म्हणाली. “दोन हातांनी आपण एवढं नेतो, तर आठ हातांनी ती किती नेत असेल?”

हे सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला थोरला दीर खांद्यावर पहार घेऊन आला. कपार फोडायची आणि आठहातीला ओढून काढायचं, असं ठरलं होतं.

तो पोचला तेव्हा सून कपारीच्या दारात, गुडघाभर पाण्यात उभी होती. दीर बिचारा अडखळला आणि आईकडे बघायला लागला.

“बाजूला हो,” सासू म्हणाली.

“आत्याबाई, पंधरा दिवस झाले, ती दाराबाहेर पडलेली नाही. अंडी राखतेय. पुढ्यात ठेवलेलं खात नाही.”

“मग कुर्ल्या काय उडून गेल्या?”

सून पाण्यातून बाहेर आली. जावेच्या बाजूचा एक दगड तिने दाखवला. त्याची पोटाची बाजू वर होती आणि उन्हाने पांढरी पडली होती. तिथल्या शेवाळाच्या, बारीक जिवांच्या खपल्या झाल्या होत्या. दगड सरकवला तर खाली नुसती वाळू. शेजारचाही तसाच, त्याच्या शेजारचाही. सगळा पट्टा उताण्या दगडांनी भरला होता.

मग तिने आपल्या टोकाचा एक दगड उचलला. खालून कुर्ल्यांची पळापळ झाली. एक तर थेट जावेच्या पायावरून गेली, तशी जाऊ उडी मारून दिराच्या मागे लपली.

सुनेने तो दगड परत होता तसा ठेवला. “छप्पर काढून टाकलेल्या घरात कोण राहायला येणार?” ती म्हणाली.

सासूने एक पांढरा दगड पायाने हलवून बघितला. चूक कबूल करायची तिला फारशी सवय नव्हती.

“माझी सासू होती तोवर आम्ही पालथे घालायचो खरं,” ती शेवटी म्हणाली. “मग कोण बघतंय म्हणून सुटलं ते.”

“पण आता एवढे सगळे कोण घालणार?” जाऊ म्हणाली. “काही तर आम्ही दोघींनी जोर लावून उलथलेत.”

पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात टोपल्या पुन्हा भरल्या. पण त्या सकाळी ते कोणालाच माहीत नव्हतं. समोर दगड होते, आणि भरतीला अजून अवकाश होता.

“मोठ्या भाऊजींनी पहार आणलीच आहे,” सून म्हणाली. “जड दगडांपासून सुरुवात करू.”

तात्पर्य एवढंच: चोर शोधायला निघण्याआधी, आपण उचललेलं जागेवर ठेवलं होतं का, ते बघून यावं.