फुलवातीचा कापूस

“एक डाग तरी दाखवा, माय! एक!”

मायच्या शिष्यानं, विश्वंभरनं, दौलतच्या पायावरून काढलेला कापूस निशाणासारखा उंच धरला होता. वाद सकाळपासूनचा. आता अख्खा मठ ओसरीवर जमला होता.

“नाही डाग,” गिरजामाय म्हणाली.

“मग? तुमच्या पट्ट्या रोज पिवळ्या होऊन निघतात. माझी परवाची, अजून पांढरी! आता तरी जखमांची खोली माझ्या हाती द्या.”

त्या मठाला वेगळी गादी नव्हती. जखमांची खोली हीच गादी. ती ज्याच्या हाती, मठ त्याचा.

“कापूस कुठला घेतलास?”

“देवाच्या फुलवातींचा. सोवळ्यात वेचलेला, सोवळ्यात पिंजलेला. पाण्याचा थेंब लागलेला नाही त्याला. तुमच्यासारखा धुण्याच्या सोड्यात उकळून काढलेला नव्हे.”

माय बाकावरच्या दौलतकडं वळली. त्याच्या टाचेला साखरेच्या आजारातली जखम. पू आत साचला तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं.

“कसं वाटतंय रे?”

“आतून ठणकतंय, माय. पण विश्वंभरमहाराज म्हणतात, पट्टी कोरडी म्हणजे जखम बरी.”

“अस्सं! मग पायालाच सांगितलं नाही वाटतं महाराजांनी.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. विश्वंभरचे कान लाल झाले.

मायनं जखमेवरचं जाळीचं कापड उचललं. खाली पू साचला होता. कडा पांढऱ्या, फुगलेल्या...

“पट्टी स्वच्छ राहिली,” माय म्हणाली. “मग घाण कुठं राहिली?”

विश्वंभर चाचरला. “पण... हाच कापूस देवापुढं तेल पितो, माय.”

“तेल पितो. पाणी पाज बरं त्याला.”

तिनं परातीत पाणी ओतलं. विश्वंभरनं फुलवातीचा कापूस सोडला. तो तरंगत राहिला. कोरडा, ऐटीत.

मायनं आपल्या डब्यातला पुंजका सोडला. टाकला तसा तळाला गेला.

“असा कसा...?”

“कच्च्या कापसाच्या अंगावर मेण असतं. सोड्यात उकळ्या खाल्ल्या की उतरतं. तोवर तो दुसऱ्याची ओल घेत नाही.”

मग ती दौलतच्या पायाशी बसली. जखम धुतली. चिमट्यानं उकळलेला कापूस हळूच टेकवला. बघता बघता तो पिवळा झाला, जड झाला. दौलतनं मोठा श्वास सोडला.

तो घाणेरडा बोळा चिमट्यासकट मायनं विश्वंभरपुढं धरला.

विश्वंभरनं चटकन आपलं पांढरंशुभ्र उपरणं मागं ओढलं.

 मायनं हात मागं घेतला नाही.



शेवटी त्यानं उपरणं खांद्यावरून उतरवलं, खुंटीला अडकवलं. चिमटा हातात घेतला. पण जीभ कुठली गप्प राहतेय!

“एक विचारू, माय? आम्हाला नम्रतेचे धडे देता. आणि तुम्हाला त्या उकळलेल्या कापसाचा एवढा गर्व?”

मायनं पदर खोचला. मान ताठ केली.

“आहेच मुळी! माझा कापूस बुडतो.”