‘येते’ म्हणून गेलेली साळुंकी

पाखरंही माणसांसारखी रीतभात पाळायची, तेव्हाची गोष्ट. एका सुतारपक्षिणीनं आंब्याच्या खोडात चोचीनं ढोली कोरली होती. अंडी घालायला अवकाश होता, म्हणून तिनं ती साळुंकीला भाड्यानं दिली. बोली साधी होती: समोरचा पळस फुलला की ढोली रिकामी करायची.

पळस फुलला. साळुंकी बाहेर येऊन म्हणाली, “बरं ताई, येते मी.”

निघणाऱ्याला म्हणतात तसं सुतारीण म्हणाली, “या हं.”

संध्याकाळी साळुंकी पुन्हा ढोलीत हजर!

“अहो, मुदत संपली ना?”

“मग गेलेच होते की. तुम्हीच ‘या’ म्हणालात, म्हणून आले.”

रोज हेच. अंडी घालायचे दिवस जवळ आले, तशी सुतारीण रडकुंडीला आली. शेवटी एके सकाळी साळुंकी ‘येते’ म्हणून उडाल्यावर ती ‘या’ म्हणाली आणि स्वतःच आत जाऊन बसली.

साळुंकी परतली. “हे काय? मी येते म्हणाले होते!”

“आणि मी या म्हणाले. या म्हणणारी घरातली असते, बाई. येणारी पाहुणी. फांदीवर टेका, चार मुंग्या खा आणि उजेड आहे तोवर निघा.”

“बरं, येते,” साळुंकी पुटपुटली.

सुतारणीच्या अगदी चोचीवर ‘या’ आलं होतं. ते तिनं गिळलं. “सावकाश जा,” ती म्हणाली.

पुढे शेजारीपाजारी निघाले, तरी ‘या’ म्हणताना ती क्षणभर अडखळायची. साळुंकीनं ढोली सोडली, पण जाताना सुतारणीचं ते सहज ‘या’ तेवढं घेऊन गेली.